उमेदवारीचे सहा प्रश्न

बडोद्याहून सिल्वासाला जावयाचे म्हणजे मुंबईकडच्या गाडीने वापीला उतरावे आणि तेथून पूर्वेची वाट धरावी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने लागतात, मग सिल्वासा शहर लागते, आणि शहरातच टोकरखाडा नावाची वस्ती आहे. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७८३ साली पेशवाईकडून नगर हवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मोकळे झाले. ते मोकळे करणाऱ्या तरुणांत सुधीर फडके यांच्यासारखा गानरसिकांचा लाडका कलावंतही होता. ही हकीकत आपल्या घरांतून अनेकदा सांगितली गेली आहे. त्याच मुलखाची दुसरी एक हकीकत आहे, ती मात्र क्वचितच कोणी सांगतो.

सिल्वासाच्या जवळून वाहणारी दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते आणि दमणपाशी समुद्रास मिळते. या नदीवर मधुबन येथे धरण झाले. गुजरात, दमण आणि दादरा-नगर हवेली यांचा हा सामाईक प्रकल्प. त्याच्या पाण्याने शेते भिजली, तहान भागली, कारखान्यांची चाके फिरली. आज दुधनीला जाऊन नावेत बसणाऱ्या पाहुण्याला डोंगरांच्या कुशीत पसरलेले ते निळे पाणी पाहून धन्य वाटते. त्या पाण्याखाली मात्र वारली, कोकणा आदी आदिवासींची शेते आहेत, घरांची जोती आहेत आणि पायवाटा आहेत. धरण बरे की वाईट, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. एवढीच गोष्ट विचारात घ्यावयाची आहे की, गाव उठते तेव्हा त्यातला आंधळा, पांगळा, बहिरा माणूस कोठे जातो, आणि त्याची मोजदाद कोण करतो.

गाव उठविताना सरकारी पंचनामा होतो. घराच्या भिंती मोजतात, विहीर मोजतात, आंब्याची आणि मोहाची झाडे मोजतात, जमिनीची प्रत ठरवितात. ज्याची किंमत करता येते त्याची नोंद होते. आता समजा, त्या गावात एक दृष्टिहीन म्हातारी आहे. अंगणातल्या उखळापासून विहिरीपर्यंत किती पावले, कोणत्या वळणावर शेणाच्या उकिरड्याचा वास येतो, कोणत्या कुडाला हात लावीत गेले म्हणजे लेकीचे घर लागते, हे तिला साठ वर्षांत पाठ झालेले असते. त्या गावात ती आंधळी असूनही परावलंबी नसते. नव्या वसाहतीत तिला अधिक पक्के घर मिळाले तरी तिची सारी वाट बुडालेली असते. विहिरीची भरपाई मिळते, तिच्या पावलांची मिळत नाही. एका दिवसात ती खऱ्या अर्थाने अपंग होते, आणि तसे करणारे तिचे डोळे नसतात.

अपंगत्व हे केवळ शरीरात नसते, शरीर आणि भोवतालचे जग यांच्या मध्ये ते कोठेतरी असते, असे आज जगभर मानले जाते. पायऱ्यांऐवजी उतार असला, तर चाकाच्या खुर्चीतला माणूस देवळात जातो. उतार नसला तर तोच माणूस दाराशी अडतो. विस्थापनात हा भोवतालच पुसला जातो. धरणाने पुसला, भूकंपाने पुसला की लढाईने पुसला, याने त्या म्हातारीच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

आणि येथेच अलीकडच्या काळात एक नवे काम उभे राहिले आहे. निर्वासितांच्या छावण्यांत व विस्थापितांच्या वसाहतींत अपंगांना मदतीच्या कक्षेत आणावयाचे, हे ते काम. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व अनेक सेवाभावी संघटना या कामासाठी तरुणांना काही महिन्यांकरिता घेतात. इंग्रजी शिकलेली मुले त्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना व अधिक नेमका शब्द आहे, उमेदवारी. संस्थानी काळात आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे कचेरीत प्रथम उमेदवार म्हणूनच शिरले. वहीवर रेघा मारणे, दप्तर लावणे, मोठ्या कारकुनाच्या हाताखाली जमाखर्च शिकणे, यातच त्यांची पहिली वर्षे गेली. आज घरातली एखादी नात, समाजकार्याचे शिक्षण घेऊन, अशा छावणीत उमेदवारीला जाते म्हणाली, तर आजीला वाटते, ‘ही तेथे जाऊन करणार तरी काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, तिचेही पहिले काम वहीचेच आहे.

त्या वहीत काय लिहावयाचे, हे समजण्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र असा की, जगातील सुमारे १६ टक्के माणसे, म्हणजे सहांतील एक, कोणत्या ना कोणत्या मोठ्या अपंगत्वासह जगतात. व्याख्या वेगळ्या, पद्धती वेगळ्या, हे धरूनही अंतर फार मोठे आहे. याचे एक कारण प्रश्नातच आहे. दारात उभे राहून ‘घरात कोणी अपंग आहे काय?’ असे विचारले की, उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. मुलीचे लग्न जमावयाचे असते, शेजारी ऐकत असतो. शिवाय गुडघे धरलेल्या आजोबांना, ऐकू न येणाऱ्या काकूंना घरचे लोक अपंग म्हणतच नाहीत. ‘वय झाले’ एवढेच म्हणतात.

यावर २००१ साली स्थापन झालेल्या ‘वॉशिंग्टन गट’ नावाच्या संख्याशास्त्रज्ञांच्या मंडळाने एक साधा उपाय काढला. त्यांनी सहा प्रश्न तयार केले आणि त्यांत अपंग हा शब्दच ठेवला नाही. चष्मा लावूनही दिसावयास अडचण होते काय? कानाचे यंत्र लावूनही ऐकावयास अडचण होते काय? चालावयास वा पायऱ्या चढावयास? गोष्टी लक्षात ठेवावयास वा चित्त एकाग्र करावयास? अंघोळ, कपडे यांसारखे स्वतःचे काम करावयास? आणि आपले म्हणणे दुसऱ्यास समजावून देण्यास व दुसऱ्याचे समजून घेण्यास? प्रत्येकाला चार उत्तरे आहेत: अडचण नाही, थोडी आहे, पुष्कळ आहे, मुळीच जमत नाही. सहांपैकी एकाही प्रश्नाला शेवटच्या दोहोंपैकी उत्तर आले की त्या माणसाची नोंद होते. लाज वाटावी असे यात काही नाही, त्यामुळे माणसे खरे बोलतात. या प्रश्नांनाही मर्यादा आहेत. मनाचे आजार त्यांत नीट सापडत नाहीत आणि लहान मुलांसाठी निराळी प्रश्नावली लागते. तथापि राहुटीच्या दाराशी उभ्या असलेल्या नवशिक्या उमेदवाराच्या हाती याहून सोपे साधन नाही.

या नोंदीचे महत्त्व किती, हे जगाच्या हिशेबावरून कळते. २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ व हिंसा यांमुळे घरदार सोडावे लागलेल्या माणसांची संख्या १२ कोटी ३२ लाख असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने सांगितले. सहांतील एक हा हिशेब लावला तर त्यांत अपंगांची संख्या दोन कोटींच्या घरात जाते. धरणे, पूर व भूकंप यांनी उठविलेली माणसे यांखेरीजच.

नोंद झाल्यावर उमेदवाराचे दुसरे काम सुरू होते ते टेपाचे. राहुटीपासून नळ किती लांब, शौचकूप किती लांब, त्याचे दार चाकाची खुर्ची आत जाण्याइतके रुंद आहे काय, आत धरावयास दांडी आहे काय, हे मोजावयाचे. उताराचा सर्वसाधारण नियम एकास बारा असा आहे. एक फूट उंची चढावयाची तर बारा फूट लांबीचा उतार हवा. घाईत बांधलेला उभा उतार हा उतार नव्हे, घसरगुंडी असते. धान्यवाटपाची रांग पाहावयाची, कारण दोन तास उभे राहणे ज्याला शक्य नाही त्याचे धान्य दुसराच कोणी उचलतो, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. सूचना केवळ ध्वनिक्षेपकावर दिली तर बहिऱ्याला कळत नाही, केवळ फलकावर लिहिली तर आंधळ्याला कळत नाही. ती दोन्ही रीतींनी द्यावी लागते, आणि नगर हवेलीसारख्या ठिकाणी वारली बोलीतही द्यावी लागते. यांपैकी कोणत्याच कामाला मोठी विद्वत्ता लागत नाही. लक्ष मात्र लागते.

हे लक्ष जगाला फार उशिरा आले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील छावण्यांत लक्षावधी निर्वासित होते. त्यांना नेण्यासाठी निरनिराळ्या देशांचे अधिकारी येत. धडधाकट, कामास योग्य अशी माणसे निवडून नेत. क्षयरोगी, अपंग आणि वृद्ध मागे राहत. एका अपंग मुलापायी अख्ख्या कुटुंबाला नकार मिळे. स्वीडन व नॉर्वे यांसारख्या काही देशांनी अशा माणसांना मुद्दाम जवळ केले. १९५९-६० हे जागतिक निर्वासित वर्ष म्हणून पाळले गेले, तोवर युद्ध संपून जवळजवळ पंधरा वर्षे लोटली होती, आणि छावण्यांत उरलेली माणसे प्रामुख्याने हीच होती.

पुढे १९८२ साली थायलंडच्या सरहद्दीवरील कंबोडियन निर्वासितांच्या छावण्यांत सुरुंगांनी पाय गेलेली माणसे पाहून दोन फ्रेंच डॉक्टरांनी ‘हँडिकॅप इंटरनॅशनल’ ही संघटना काढली. बांबू, कातडे असे हाताशी मिळेल ते साहित्य घेऊन तेथल्या तेथे कृत्रिम पाय बनवावयाचे, ही त्यांची रीत. आपल्याकडे जयपूरला रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेल्या ‘जयपूर फूट’मागे हाच विचार होता. अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, शेतात उतरणाऱ्या माणसाला चालेल असा पाय हवा. तो पाय पुढे अफगाणिस्तानातही पोहोचला. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंगांच्या हक्कांचा करार मंजूर केला. भारताने तो २००७ साली मान्य केला. त्याच्या अकराव्या कलमात संकटकाळी अपंगांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. २०१९ साली मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी या विषयाची सविस्तर मार्गदर्शिका सिद्ध केली. आजच्या उमेदवाराला हातात जी पोथी मिळते ती हीच.

महाराष्ट्राला आणि गुजरातला हे धडे भूकंपांनी शिकविले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली, रस्ते रुंद व सरळ आखले गेले. नकाशावर ती गावे सुरेख दिसतात. जुन्या गावात मात्र घराला घर लागून होते. पडवीतून हाक मारली की शेजारीण येई. नवे गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरले आणि शेजार विरळ झाला. पायाने अधू असलेल्या माणसाला रुंद रस्ता म्हणजे सोय नव्हे, तेवढे अधिक अंतर असते, ही गोष्ट आखणीच्या वेळी त्याला कोणी विचारले असते तर त्याने सांगितली असती.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाची आठवण तर बडोद्याला ताजीच आहे. सुमारे १३,८०० माणसे मृत्युमुखी पडली. ती संख्या सर्वांच्या तोंडी झाली. पण पाठीचा कणा मोडून कमरेखालचे अंग लुळे पडलेली माणसे रुग्णालयातून परतली ती ढिगाऱ्यांनी भरलेल्या गल्ल्यांत आणि तंबूंत. तेथे चाकाची खुर्ची दहा पावलेही जाईना. आदल्या दिवशी शेतावर गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी अपंग झाला होता, आणि अपंगांसाठी उभारलेले जग त्याच्या गावात नव्हते. अहमदाबादच्या अंधजन मंडळासारख्या संस्था आणि हँडिकॅप इंटरनॅशनल यांनी त्या काळात भुजकडे जे काम केले, त्यातून या विषयाचे अनेक जाणते कार्यकर्ते तयार झाले.

आपला कायदाही आता पुष्कळ पुढे आला आहे. २००७ च्या राष्ट्रीय पुनर्वसन धोरणात प्रकल्पग्रस्तांच्या पाहणीत अपंग, निराधार, विधवा, वृद्ध यांची वेगळी नोंद घ्यावी आणि त्यांना दरमहा किमान ५०० रुपयांचे निवृत्तिवेतन तहहयात मिळावे, असे सांगितले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाचे आठवे कलम तर याहून स्पष्ट आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि संकटाची सूचना त्यांना पोहोचेल अशी व्यवस्था करावी, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे ज्या वहीबद्दल आपण बोलत आहोत, ती ठेवणे आज कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. ते कर्तव्य आहे. परंतु वही आपोआप भरत नाही. दारोदार जाऊन सहा प्रश्न विचारणारे कोणीतरी लागते.

तर मग हे कोणी करावे? या उमेदवारीच्या व्यवस्थेतला खरा प्रश्न येथे आहे. संयुक्त राष्ट्रांतील उमेदवारी बहुधा दोन ते सहा महिन्यांची असते. हुशार मुलगी येते, माणसांची नावे शिकते, बोलीतले चार शब्द शिकते, कोणत्या राहुटीत कोण ऐकत नाही हे तिला ठाऊक होते, आणि तेवढ्यात तिची मुदत संपते. वही मागे राहते, ओळख निघून जाते. दुसरी येते ती पहिल्यापासून सुरुवात करते. अशी येणारी मुले बहुधा सुस्थितीतल्या घरांतली आणि धडधाकट असतात. ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांना ही उमेदवारी क्वचितच मिळते. अर्ज इंग्रजीत, मुलाखत दूरच्या शहरात, आणि कचेरीला जिना! ‘आमच्यावाचून आमच्याबद्दल काही ठरवू नका’ हे अपंगांच्या चळवळीचे जगभरचे ब्रीद आहे. ते या कामातच सर्वांत आधी लागू व्हावयास हवे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण मराठी वाचकांस ठाऊक आहे. ऐन तारुण्यात पाय गेल्यावर चाकाच्या खुर्चीतून त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनातून तो प्रवास सांगितला. जिना कोठे अडवितो, शौचकूप कोठे अडविते, हे ज्याला अंगाने ठाऊक आहे त्याला मार्गदर्शिका वाचून ते शिकावे लागत नाही. नगर हवेलीतला एखादा वारली तरुण, कुबडी घेऊन चालणारा, शाळा शिकलेला, मराठी व गुजराती दोन्ही बोलणारा, सहा महिन्यांसाठी नव्हे तर सहा वर्षांसाठी या कामावर नेमला, तर खानवेल-दुधनीच्या पाड्यांतली वही जशी भरेल तशी दुसऱ्या कोणाकडून भरणार नाही. त्याच्यासमोर ‘आमच्या घरी कोणी अपंग नाही’ असे खोटे सांगण्याची कोणाला गरज भासणार नाही. बाहेरून आलेल्या उमेदवाराने त्याच्या हाताखाली शिकावे, म्हणजे कचेरीतला जुना क्रमही पाळला जाईल. कारण तेथे जाणता वर आणि नवखा खाली, असाच तो होता.

याचा अर्थ आपल्या मुलांनी जाऊ नये, असा नव्हे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात समाजकार्याची विद्याशाखा आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून असे कार्यकर्ते घडवीत आली आहे, आणि फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावण्यांपासून किल्लारीपर्यंत तिचे विद्यार्थी कामाला गेले आहेत. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींनी अवश्य जावे. जाण्यापूर्वी भारतीय खुणांच्या भाषेचे प्राथमिक शिक्षण घ्यावे, स्थानिक बोलीची तोंडओळख करून घ्यावी, आणि निघताना आपली वही कोणाच्या हाती देऊन जावयाचे, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे.

आणि ज्यांना कोठेच जावयाचे नाही, त्यांच्याही दाराशी हे काम आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोदे शहरात शिरले, तेव्हा हजारो माणसांना घर सोडून हलावे लागले. आपल्या जुन्या वाड्यांतून, माडीवरच्या खोल्यांतून, किती वृद्ध व अधू माणसे राहतात हे ज्याच्या त्याच्या शेजाऱ्यालाच ठाऊक असते. पुढचा पावसाळा येण्याआधी दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथील एखाद्या मंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीला जसे घरोघर फिरतात तसे एकदा फिरावे, सहा प्रश्न विचारावेत, माणसाची परवानगी घेऊन नाव, पत्ता आणि ‘हलविताना काय लागेल’ एवढे वहीत लिहावे, आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या कचेरीत देऊन पोच घ्यावी. कायद्याने ती वही ठेवणे कचेरीवर बंधनकारक आहेच. पहिली पाने आपण भरून दिली, तर कोणाचा राग येण्याचे कारण नाही.